फिकट रेघ, तीन गोळ्या आणि उरलेले २४ दिवस

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. वय २२, गाव गारगोटीच्या पुढचं, एम.एस्सी.साठी कोल्हापुरात मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहतेस. मित्र २३ वर्षांचा, लग्नाचं अजून काही ठरलेलं नाही. गेल्या दोन महिन्यांत संबंधानंतर घ्यायच्या 'त्या ७२ तासांच्या' गोळ्या तीनदा घेतल्यास, शेवटची २६ दिवसांपूर्वी. पाळी एरवी २८ दिवसांनी येते, आता वर ११ दिवस झालेत. घरी टेस्ट केली तर एक रेघ ठळक आणि दुसरी इतकी फिकट की मैत्रीण म्हणाली, "ही धरायची नसते." मित्र मेडिकलमधून किट, म्हणजे गर्भपाताच्या गोळ्यांचं पाकीट, आणतो म्हणतोय. आणि शेवटी तू विचारलंस: डॉक्टरकडे गेलं तर आईवडिलांची सही लागते का, लग्न झालंय का विचारतात का, घरी कळतं का, आणि जाताना उपाशी पोटी जायचं का.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, कोल्हापुरात २६ वर्षं प्रॅक्टिस करते. माझी मुलगी तुझ्याहून मोठी आहे म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस. समोर बसवून तपासल्याशिवाय काही गोष्टी मला सांगता येणार नाहीत, त्या कुठल्या हेही ओघात लिहिते.

आधी रेघेचं. फिकट रेघ ही रेघच. गर्भ पिशवीच्या अस्तरात रुजला की एचसीजी नावाचं संप्रेरक तयार होतं, ते लघवीत उतरतं आणि पट्टीवर रंग धरतं. कमी असेल तर रेघ फिकी, जास्त असेल तर ठळक. दुपारी तांब्याभर पाणी पिऊन टेस्ट केली तरी फिकीच येणार. पथ्य एकच, की पट्टी पाकिटावर लिहिलेल्या वेळेत वाचायची, साधारण पाच मिनिटांत. सकाळी कचऱ्यात टाकलेली पट्टी संध्याकाळी परत काढून बघितली तर वाळल्यावर उमटलेली करडी रेघ दिसू शकते. ती धरायची नसते. तुझ्या मैत्रिणीनं बहुधा हेच कुठंतरी ऐकलंय आणि भलतीकडं लावलंय. तू वेळेत बघितली असशील तर दिवस गेलेत असं धरूनच चाल. उद्या सकाळच्या पहिल्या लघवीवर दुसरी पट्टी जरूर कर, पण तिच्यासाठी डॉक्टरकडं जाणं थांबवू नकोस.

आता तुझेच प्रश्न परत वाच. सही, लग्न, घर. आज कितवा दिवस, हे त्यात कुठंच नाही. माझ्याकडं येणाऱ्या बहुतेक पोरींचं असंच असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ९९ टक्क्यांहून जास्त विवाहित स्त्री-पुरुषांना गर्भनिरोधाचं एखादं तरी आधुनिक साधन माहीत होतं. म्हणजे नावं सगळ्यांना पाठ आहेत. पण मी पेन हातात घेऊन "शेवटची पाळी कधी आली?" विचारलं की समोरची मुलगी छताकडं बघते, मग मोबाईलमधले फोटो मागं सरकवायला लागते. एकीनं मला सांगितलं, "मॅडम, जोतिबाचा दुसरा खेटा चुकला न्हवं माझा, त्याच रविवारी आलती." तारीख पाळीमुळं नाही, चुकलेल्या देवदर्शनामुळं लक्षात राहिलेली. मी कॅलेंडर काढून माघातला तो रविवार शोधला आणि तिथून दिवस मोजले. दहा आठवडे भरले होते. तिच्या हिशेबानं दीड महिनाच झाला होता.

ही फसगत कशी होते ते सांगते. गर्भाचं वय आम्ही संबंध आला त्या दिवसापासून मोजत नाही, पाळी चुकली त्या दिवसापासूनही नाही. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस हा पहिला दिवस. म्हणजे पाळी चुकली त्या दिवशीच चार आठवडे झालेले असतात. तुझं गणित कर: २८ अधिक ११, आज ३९ वा दिवस. साडेपाच आठवडे. आपल्याकडं गोळ्यांनी गर्भपात करायची मुदत ९ आठवडे, म्हणजे ६३ दिवस. ६३ मधून ३९ गेले, राहिले २४.

पण हे २४ सुद्धा मी पेन्सिलनं लिहिते आहे. तू दोन महिन्यांत तीन गोळ्या घेतल्यास. ती गोळी घेतल्यावर आठवड्याभरात थोडं रक्त जाऊ शकतं आणि पोरी त्यालाच पाळी समजतात. "आली ना पाळी" म्हणून निर्धास्त होतात. तुझी ती 'शेवटची पाळी' नेहमीसारखी चार-पाच दिवस, नेहमीसारखी भरून आली होती, की दोन दिवस डाग लागल्यासारखं झालं होतं? दुसरं असेल तर तुझा ३९ वा दिवस साठावाही असू शकतो. हे मला इथून कळणार नाही, तुलाही नाही. सोनोग्राफीत कळतं. म्हणून मी म्हणते, आता वाट बघत बसू नकोस.

किटबद्दल. त्या गोळ्या वाईट नाहीत, त्याच गोळ्या मीही देते. पाकिटात पाच असतात, एक आधी आणि चार दीड-दोन दिवसांनी. नीट वेळेत दिल्या तर शंभरातल्या पंच्याण्णवहून जास्त जणींचं काम त्यावर होतं, पिशवीला हात लावावा लागत नाही. प्रश्न गोळ्यांचा नाही, न बघता घेण्याचा आहे. गर्भ पिशवीत आहे की तिला जोडलेल्या बीजनळीत, हे पट्टी सांगत नाही. दोन्हीकडं रेघ सारखीच येते. नळीतला गर्भ या गोळ्यांनी पडत नाही. पिशवीचं अस्तर मात्र सुटतं, रक्तस्राव होतो आणि झालं काम असं वाटतं.

एका पावसाळ्यात रात्री साडेअकराला एक मुलगी आली होती, दोन पोरांनी मोटरसायकलवर मधे धरून आणलेली. चेहरा पांढराफटक. पोटाचं कमी आणि "खांदा दुखतोय" हेच जास्त सांगत होती. नळी फुटून पोटात रक्त साचलं की ते वरच्या पडद्याला लागतं आणि दुखणं खांद्यात जाणवतं. बारा दिवसांपूर्वी किट घेतली होती, रक्त गेलं होतं, दोघं निवांत झाले होते. मध्यरात्री ऑपरेशन करावं लागलं. एक नळी काढली, मुलगी वाचली. त्या पोराच्या खिशात किटचं रिकामं पाकीट होतं, आपण काही चुकीचं केलं नाही हे दाखवायला त्यानं ते मला पुढं केलं. तसं नेहमी होतं असं नाही, नळीतला गर्भ हा शंभरात एखाद-दुसरीचाच असतो. पण तुझ्या मित्राला किट न आणायला सांगायचं ते एवढ्यासाठी. शिवाय हिमोग्लोबिन किती, रक्तगट निगेटिव्ह आहे का, दम्याची किंवा दुसरी काही औषधं चालू आहेत का, हे मेडिकलच्या काउंटरवर कोण विचारणार?

डॉक्टरांनी तपासून गोळ्या दिल्या तर काय होतं तेही कळून ठेव, म्हणजे रात्री घाबरणार नाहीस. दुसऱ्या टप्प्याच्या गोळ्यांनंतर काही तासांत पाळीपेक्षा जास्त दुखतं, जास्त जातं, गाठी पडतात. मग कमी होत होत दोन आठवड्यांपर्यंत डाग लागत राहतात. हे ठरल्याप्रमाणं आहे. मोठी दोन पॅड तासाभरात पूर्ण भिजली आणि पुढच्या तासालाही तसंच झालं, तर पहाट व्हायची वाट न बघता दवाखाना गाठायचा. ताप उतरत नाही, घाण वास येतोय, चक्कर येतेय, किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत काहीच गेलं नाही, तरी फोन करायचा. आणि आठवड्यानं परत पट्टी करून बघायची नाही. गर्भ पडल्यावरही संप्रेरक रक्तातून जायला तीन-चार आठवडे लागू शकतात, तोवर पट्टी दोन रेघा दाखवते. ती बघून घाबरून दुसरी किट घेतलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. चौदाव्या दिवसाची तपासणी चुकवायची नाही, एवढंच.

नऊ आठवड्यांच्या पुढं, बारापर्यंत, बाहेरून घातलेल्या नळीनं ओढून पिशवी रिकामी करतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, जुन्या बायका 'क्युरेटिन' म्हणतात ती खरवडण्याची पद्धत आता टाळतात. त्याच्याही पुढं गेलं तर भरती होऊन एक-दोन दिवस राहावं लागतं. कायदा थांबत नाही, पण प्रत्येक आठवड्याला काम वाढत जातं.

सहीचं उत्तर सोपं आहे. तू १८ पूर्ण आहेस, सही फक्त तुझी लागते. आईची नाही, वडिलांची नाही, मित्राची नाही. १९७१ च्या कायद्यात साधन फसल्यामुळं राहिलेल्या गर्भाबद्दलचं कलम 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' असं होतं. त्यामुळं आम्ही अविवाहित मुलीच्या फॉर्मवर 'मानसिक आघात' असं कारण लिहायचो. २०२१ च्या दुरुस्तीनं तिथं 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आले. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ मध्ये दोघांचं लागतं आणि तेही ठरावीक परिस्थितीत, पण त्यातसुद्धा अविवाहित म्हणून वगळता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ ला सांगितलं. मुलगी १८ च्या आतली असेल तर गोष्ट वेगळी, पालकाची सही लागते आणि पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली पोलिसांना कळवणं डॉक्टरला बंधनकारक आहे. तुला ते लागू नाही.

तरीही एखाद्या ठिकाणी "घरचं कुणीतरी घेऊन या" म्हणतात. तो कायदा नाही, सवय आहे. उद्या कुणी भांडायला आलं तर, या भीतीची सवय. तू एवढंच म्हण, "माझं वय २२ आहे, संमती मी देते." तरी ऐकलं नाही तर वाद न घालता दुसरीकडं जा. तुझे दिवस त्या वादापेक्षा महाग आहेत.

सोनोग्राफीला ओळखपत्र मागतील, फॉर्म भरून घेतील, आणि तिथं पोरींच्या पोटात गोळा येतो. तो फॉर्म तुझ्यासाठी नाही, लिंग तपासून मुली पाडण्याच्या आपल्या जिल्ह्याच्या पापासाठी आहे. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं ८३९ मुली होत्या, २०११ ला ८६३. सोनोग्राफी मशीनवर प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारा 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवायची सुरुवात २०१० मध्ये इथंच झाली ती त्यापायी. प्रत्येक गरोदर बाईचा तो फॉर्म भरतात, मोठ्या घरची असो की शेतमजूर. त्यात तुझी चौकशी कुणी करत नाही आणि तो तुझ्या घरी जात नाही. पोटावरून सोनोग्राफी करायची असेल तर लघवी भरलेली लागते. इतक्या कमी दिवसांचं पोटावरून नीट दिसत नाही, म्हणून आतून करूया का असं विचारतील. नको वाटलं तर तसं सांग. आठवड्यानं परत बोलावतील, पण जबरदस्ती करणार नाहीत, करता कामा नये.

घरी कळतं का? कायद्यात २०२१ पासून स्वतंत्र कलम आहे, गर्भपात केलेल्या स्त्रीचं नाव डॉक्टरनं बाहेर सांगितलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. भरतीची नोंदवही गुप्त धरतात, इतर कागदांवर नावाऐवजी अनुक्रमांक असतो. कागदावर हे सगळं चोख आहे. पण कोल्हापूर म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको. नाव सांगितलं की पुढचा प्रश्न "पाव्हणं कुठलं?" आणि तिसऱ्या वाक्याला कुणाचा तरी मामा निघतो. माझ्याकडं पूर्वी रिसेप्शनवरून आडनावासकट हाक मारायचे. एक दिवस हाक मारल्यावर बाकावरची मुलगी उठलीच नाही, स्कार्फ आणखी घट्ट बांधून तशीच बसून राहिली, आणि दहा मिनिटांनी निघून गेली. त्यानंतर मी नंबर सुरू केले. तुला कुठं जाशील तिथं आत जाऊन आधी सांगायचा हक्क आहे की माझ्या नावानं हाक मारू नका, या मोबाईलवर मेसेज पाठवू नका.

लांब गेल्यानं गुप्तता मिळते असं मात्र समजू नकोस. एकजण ओळख टाळायला मुद्दाम मिरजेला गेली. मिरजेला अर्धा जिल्हाच औषधपाण्याला जातो. वेटिंग हॉलमध्ये शेजारच्या काकू भेटल्या, गुडघे दाखवायला आलेल्या. पोरगी तशीच परत फिरली आणि पुढचे तीन आठवडे कुठंच गेली नाही. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, ही सेवा मोफत आहे, गर्दी असते, आणि गर्दीत माणूस लपतं. खासगीत जायचं तर त्या केंद्राला गर्भपाताची मान्यता आहे का ते विचार. प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असतं.

"लग्न झालंय का?" हो, विचारतात. आमच्याकडं हा प्रश्न बऱ्याचदा दुसऱ्याच एका प्रश्नाऐवजी येतो. संबंध आलाय का, हे विचारायची डॉक्टरलाही लाज वाटते, म्हणून लग्नाचं विचारायचं. मीही तेच करायचे. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एक १९ वर्षांची मुलगी उलट्या होतात म्हणून आली. "लग्न झालंय?" "न्हाई." मी पित्ताच्या गोळ्या लिहिल्या, तिखट कमी खा म्हटलं. सात आठवड्यांनी ती परत आली तेव्हा चार महिने होत आले होते. तिनं माझ्याशी खोटं बोललं नव्हतं, मी प्रश्नच चुकीचा विचारला होता. म्हणून तू दारातूनच सांग: पाळी ११ दिवस लांबलीय, टेस्ट पॉझिटिव्ह आहे. पुढचे पाच लाजिरवाणे प्रश्न वाचतात. आणि कुणी "मग हे करताना कळलं नाही का" असं म्हणालंच, तर ती त्यांच्या तोंडची वाफ आहे, तुझ्या केसपेपरवर ते लिहीत नाहीत.

इथवर मी तू गर्भ काढणारच असं धरून बोलले, कारण किटचा विषय तू काढलास. पण ते ठरवायचं तुला आहे. ठेवायचा म्हटलास तरी त्या तीन गोळ्यांनी बाळात व्यंग येतं असं आढळलेलं नाही, त्या भीतीनं निर्णय घेऊ नकोस. मूल वाढवणं शक्य नसेल तर बालकल्याण समितीमार्फत ते सोपवता येतं, नंतर फेरविचाराला साठ दिवस देतात. आणि काढलास तर 'पहिलं पाडलं की पुढं मूल होत नाही' हेही विसर. नीट झालेल्या गर्भपातानं पुढच्या गरोदरपणाला धक्का लागत नाही. लागतो तो जंतुसंसर्गानं, आणि तो येतो उशिरानं आणि चोरून केलेल्या कामातून. कच्ची पपई, तीळ-गूळ, मेथीचा काढा यांनी फक्त दिवस वाया जातात.

आता त्या तीन गोळ्या. तुझी चूक गोळी घेण्यात नाही, तिला रोजच्या कामाला जुंपण्यात आहे. ही गोळी बीज बाहेर पडणं पुढं ढकलते, एवढंच तिचं मुख्य काम. बीज सुटायच्या बेतात असेल किंवा सुटलं असेल तर ती फार काही करू शकत नाही, आणि राहिलेला गर्भ तर ती पाडतच नाही. तुझ्याच आकड्यांवरून बघ: आज ३९ वा दिवस, गोळी २६ दिवसांपूर्वी, म्हणजे तेराव्या दिवशी. २८ दिवसांच्या पाळीत बीज चौदाव्याच्या आसपास सुटतं. गाडी फलाटावरून हलल्यावर तू साखळी ओढलीस. पाकिटावरचे ७२ तास वाचून लोकांना वाटतं तिसऱ्या दिवशी घेतली तरी चालतं. चालतं, पण प्रत्येक तासागणिक उपयोग कमी होतो. दोन तासांत उलटी झाली तर परत घ्यावी लागते. अजून एक: ती मागच्या संबंधासाठी असते, पुढच्यासाठी नाही. बीज पुढं ढकललंय म्हणजे ते दोन-चार दिवसांनी येणार आहे, आणि पुरुषबीज आत पाच दिवसांपर्यंत जगतं. गोळीनंतरच्या आठवड्यात "आता गोळी घेतलीय की" म्हणून पुन्हा संबंध आला असेल तर तोही गर्भ तिथलाच असू शकतो. २००५ पासून ही गोळी चिठ्ठीशिवाय मिळते. ते चांगलंच झालं, पण चिठ्ठीबरोबर समजावून सांगणारं माणूसही गेलं.

तुझा मित्र हे वाचणार असेल तर त्याच्यासाठी. मेडिकलमध्ये गर्दी संपेपर्यंत रस्त्यापलीकडं उभं राहायचं, मग आत जाऊन डोकेदुखीची गोळी घेऊन परत यायचं, हे मी पोरांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आमच्या समोरच्या मेडिकलवाल्याच्या निम्म्या डोकेदुख्या खोट्या असाव्यात. निरोध देशात १९६८ पासून विकला जातोय, तुमच्या आजोबांच्या काळापासून. एकदा धीर करून दहाचं पाकीट घ्या. पैशाच्या पाकिटात खुपसून, वर बसून, उन्हात गाडी चालवत चार महिने फिरवलेला कंडोम फाटणारच. एकानं माझ्या टेबलावर आणून दाखवला होता, कव्हरावरची अक्षरंही पुसली होती. "मी वेळेत बाजूला होतो" यावर विसंबणाऱ्या शंभर जोडप्यांत वर्षात वीस जणींना दिवस जातात. रोजच्या वापरात कंडोमचे तेरा, नेहमीच्या गोळ्यांचे सात, कॉपर-टीचा एकही पुरता नाही. कंडोमनं गुप्तरोगही टळतात, बाकी कशानं टळत नाहीत.

तुला पुढं काय बरं, हे तपासून ठरेल. मायग्रेन आहे का, रक्तदाब किती, घरात कुणाला रक्तवाहिनीत गुठळी झाली होती का, यावर नेहमीच्या गोळ्या देता येतात की नाही ते ठरतं. लखनौच्या सीडीआरआय या औषध संशोधन संस्थेची 'सहेली' गोळी, सरकारी दवाखान्यात 'छाया', ही संप्रेरकाची नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा. रोजची गोळी उशीखाली लपवायची कटकट असलेल्या मुलींना ती सोयीची पडते. एका जणीनं तिचे वार मोबाईलमध्ये 'केसांना तेल' नावानं लावले होते. यातलं जे ठरेल ते त्याच दिवशी ठरव. गर्भपातानंतर दोन आठवड्यांतच परत बीज सुटू शकतं, पाळी यायच्या आधी.

आईला सांगायचं का, हे तू थेट विचारलं नाहीस, पण शनिवारी गावी जायचंय आणि ती "पाळी आली का" विचारते असं लिहिलंयस. यावर माझ्याकडं एक उत्तर नाही. आया दोन्ही तऱ्हेच्या पाहिल्यात. एक पंधरा मिनिटं भिंतीकडं तोंड करून बसली आणि मग पोरीचा डबा उघडून तिला भरवायला लागली. दुसरीनं आठवड्यात कॉलेज बंद करून महिन्यात लग्न लावलं. तुझी कुठली ते तुला माहीत. सांगायचं नसेल तर हे सगळं उरकेपर्यंत गावी जाऊ नकोस, प्रॅक्टिकल आहे म्हण. पण गोळ्या घेतल्यावरच्या त्या एका रात्री खोलीत एकटी राहू नकोस. मैत्रीण, मावशी, कुणीतरी, ज्याला रात्री दोनला गाडी काढता येते.

उद्या सकाळी जा. एका कागदावर चार ओळी लिहून ने: शेवटच्या दोन पाळ्यांच्या तारखा आणि त्या किती दिवस टिकल्या, तिन्ही गोळ्यांच्या तारखा, चालू असलेली औषधं, रक्तगट माहीत असेल तर. ओळखपत्र घे. मित्राला किट आणू नको म्हण, गाडी घेऊन ये म्हण. आणि उपाशी जायचं नाही. काहीतरी खाऊन जा, निघायच्या तासभर आधी तीन-चार ग्लास पाणी पी, आणि सोनोग्राफी होईपर्यंत बाथरूमला जाऊ नकोस.